चौथ्याची जागा

एस. टी. स्थानकावर गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा अलिखित कायदा आपल्या धाराशिव जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. दाराशी मात्र एखादी वृद्धा गाठोडे सावरीत मागे मागे रेटली जाते. तिला कोणा एकाने मुद्दाम लोटलेले नसते. सर्वांनी मिळून लोटलेले असते. मग हा दोष कोणाचा? गर्दीत घडलेल्या अन्यायाला कोणी धनी असतो काय?

मुंबईत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बार्शी लाइटची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जात असे, तेव्हा धाराशिव शहरात रेल्वे नव्हती. या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद रूळ शहराला येऊन भिडले. आता रात्री येथे गाडीत बसलेला आपला मुलगा सकाळी मुंबईच्या लोकलपुढे उभा असतो. त्या महानगरात 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा अंत झाला. तेथे जमलेल्यांपैकी कोणाच्याही मनात हत्या नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांनी माणसाकडून नकळत घडणारी क्रिया आणि त्याने जाणीवपूर्वक, स्वेच्छेने केलेली कृती यांत भेद केला आहे. पाठीमागून रेटा आल्यामुळे आपला धक्का पुढच्याला लागला, तर ते पाप नव्हे. परंतु या भेदाचा आधार घेऊन आपण फार लवकर निर्दोष सुटतो. गर्दी आपले हातपाय बांधते हे खरे. पण आपली विवेकबुद्धी ती सहसा बांधू शकत नाही. थोडेसे स्वातंत्र्य शिल्लक उरतेच.

लोकलमधील 'चौथी सीट' हे त्याचे उदाहरण. बाक तिघांचे, पण चौथा येऊन "जरा सरकता का?" म्हणतो आणि तिघे चार बोटे सरकतात. चौथ्याचा तो हक्क नसतो. तरीही अर्ध्या मांडीवर तोल सांभाळीत तो बसतो आणि दिवसभराचा शीण थोडा हलका होतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही वसईला एका धर्मगुरुमित्राकडे निघालो होतो. दादरला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अक्षरशः लोटले गेलो. अंधेरीच्या सुमारास एका तरुण कामगाराने स्वतः सरकून आम्हांस चौथी जागा दिली. बोरिवलीला पाठीवर बोचके घेतलेला एक वृद्ध मजूर आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्ही त्यास पाहिले, आणि डोळे मिटून घेतले. झोप आली नव्हती. थोड्या वेळाने डोळे उघडले, तर तो म्हातारा तरुणाच्या जागी बसला होता आणि तरुण दांडीला लोंबकळत होता. आम्हांस कोणी काही बोलले नाही. डोळे मिटताना मात्र आम्हांस कोणी रेटलेले नव्हते. ती आमची स्वतःची कृती होती.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूभोवती लोक दाटी करतात. त्या दाटीत एका आजारी स्त्रीचा हात त्याच्या वस्त्राला लागतो आणि तो थांबून तिला शोधतो. एवढ्या गर्दीत कोणाचा स्पर्श हे काय विचारायचे, असे शिष्यांना वाटते. प्रभूला मात्र गर्दीतही एक माणूस दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. तिघांच्या सोशिकतेकडे बोट दाखवून पूल रुंद करण्याचे, गाड्या वाढविण्याचे काम टाळता येत नाही. ज्यांच्या हाती योजना व पैसा आहे, त्यांचे स्वातंत्र्य चार बोटांहून पुष्कळ मोठे असते. त्यांचे उत्तरदायित्वही त्याच मापाने मोजावे लागेल.

आपल्या वाट्याला मात्र बहुधा चार बोटेच येतात. त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. तो तरुण विरारपर्यंत उभाच होता की काय, आम्हांस ठाऊक नाही; आम्ही वसईला उतरलो. जाताना त्याचे आभारही मानले नाहीत. आता एस. टी.च्या दाराशी एखादी वृद्धा रेटली जाताना दिसली, की आम्हांस त्याची आठवण होते, आणि खिडकीतून टाकण्यासाठी उचललेला रुमाल पुन्हा खिशात जातो.