चावडीवरची यादी

कन्नडमध्ये नुकसानभरपाईला ‘परिहार’ म्हणतात. आपण मराठीत शंकेचा परिहार करतो. सीमाभागात दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात, म्हणून मनात येते, ज्या परिहाराने शंका वाढते त्याला काय म्हणावे?

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. काठचा ऊस, सोयाबीन पाण्याखाली गेला. कर्नाटक सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. पिकाचा केंद्रीय निकष त्या वेळी हेक्टरी कोरडवाहूला ६,८०० आणि बागायतीला १३,५०० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंत. घरांचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्ग पाडले गेले. एका अक्षराने लाखांचा फरक पडतो, आणि ते अक्षर काय पाहून लिहिले हे पुष्कळदा भिंत पडलेल्यालाच ठाऊक नसते.

अशी यादी चावडीवर लागली पाहिजे, असे मी एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगत होतो. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमाप्रमाणे अनुदानाचे लाभार्थी सरकारने आपणहून जाहीर करायचे असतात, हेही सांगितले. म्हातारा म्हणाला, “आमचं घर पडलं त्याचा बोर्ड कशाला, सर? आम्ही काय भीक मागितली?”

मला उत्तर सुचले नाही. नवा शिक्षक असताना फी-सवलतीच्या मुलांची नावे मी वर्गात मोठ्याने वाचत असे. एक मुलगा नेमका त्या दिवशी गैरहजर राही. कारण कळायला मला दोन वर्षे लागली. माझ्या त्या वाचनात पारदर्शकता होतीच की!

पण फरक आहे. मी मुलाचे दारिद्र्य उघडे केले होते. सवलत कोणत्या नियमाने दिली वा नाकारली, हे कधीच वाचले नव्हते. आपल्या याद्याही बहुधा तशाच. घेणारा भिंतीवर, ठरवणारा भिंतीआड. नाव हवेच, नाहीतर शेजाऱ्याला पडताळा कसा घेता येणार? पण नावाशेजारी सर्व्हे नंबर, पंचनाम्याची तारीख, पाहणी करणाऱ्याचा हुद्दा, वर्ग ठरवण्याचे कारण आणि हरकतीची मुदत हवी. बँकेचा खाते क्रमांक मात्र नको, त्याचे गावाला काय काम? म्हाताऱ्याला लाज वाटली, कारण हक्काची रक्कम त्याच्या हाती कृपेसारखी येते. अर्थात कृपेसारखे घेणारे आपणही आहोत. यादीत आपले नाव असले की आपण पुढचे पान उलटत नाही.

पुढे एकदा ते गृहस्थ मला चावडीवर घेऊन गेले. यादी कन्नडमध्ये होती. त्यांना ती वाचता येईना. मी वाचत गेलो. त्यांचे नाव आले, रक्कम आली. ते म्हणाले, “आणि आमच्या वाटेकऱ्याचं? पीक त्याचंच होतं.”

उताऱ्यावर त्याचे नाव नव्हते, तेव्हा यादीत कोठून येणार? तरीही मी पुन्हा वरपासून वाचू लागलो.