मूल कधी चालेल, या प्रश्नापलीकडे

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल ज्या घरात वाढतं, त्या घराला शेजाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारत राहतात : चालायला लागलं का? विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण वर्षानुवर्षं तोच प्रश्न कानावर पडला की घरही स्वतःला तेवढंच विचारू लागतं. आईची नोकरी, बाबांची बदली, कर्ज, नवस, थोरल्या भावंडाची सुट्टी, सगळं त्या एका उत्तरावर टांगून ठेवलं जातं. मूल चाललं तर कष्टांचं चीज झालं, नाही चाललं तर सगळं वाया गेलं, असा हिशेब आपोआप मांडला जातो. माझं म्हणणं असं आहे, की या कुटुंबांच्या दमछाकीचा मोठा वाटा मुलाच्या अपंगत्वातून येत नाही, तो या हिशेबातून येतो. चालणं हे एक साधन आहे. मुलाला खेळायचं असतं, जेवायचं असतं, काहीतरी सांगायचं असतं, दुसऱ्या मुलांपर्यंत पोहोचायचं असतं. या गोष्टींची वाट पायांवरूनच गेली पाहिजे असा आग्रह धरला, की चालण्याची वाट पाहण्यातच बालपण संपून जातं.

या आग्रहाची मुळं आपल्या अलीकडच्या इतिहासातही आहेत. कितीतरी दशकं अपंग मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिओ झालेलं मूल यायचं. पोलिओत मेंदूचा विचार करणारा भाग शाबूत असतो, पायातली ताकद जाते. कॅलिपर बांधलं, शस्त्रक्रिया करून पाय सरळ केला, की त्यातली अनेक मुलं उभी राहायची, कुबड्या घेऊन शाळेत जायची. भारतातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आजार गेला, पण ‘पाय उभा केला की प्रश्न सुटला’ ही समजूत मागे राहिली. सेरेब्रल पाल्सीला ती लागू पडत नाही. इथे इजा होते ती वाढत्या मेंदूला. बाळ फार लवकर जन्मणं, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग अशी तिची अनेक कारणं असतात. इजा पुढे वाढत नाही. पण स्नायूंना मिळणारे हुकूम बिघडलेले असतात, त्यामुळे हातपाय आखडतात, मान धरता येत नाही, गिळणं आणि बोलणंही अडतं. जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांना ही अवस्था येते. तेव्हा फक्त पायांकडे पाहणारी दृष्टी या मुलाचा बराचसा भाग पाहतच नाही.

पाहायचं कसं, याचं उत्तर विज्ञानाने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच दिलं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांत विभागणी केली. पहिल्या पातळीचं मूल चालतं, धावतं, फक्त तोल आणि वेग थोडा कमी. तिसऱ्या पातळीचं वॉकर घेऊन चालतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. पीटर रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टॅरिओतल्या ६५७ मुलांची वाढ तपासून २००२ साली या पातळ्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यातून दिसलं ते असं, की पहिल्या पातळीचं मूल आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत साधारण पाचव्या वर्षी पोहोचतं, तर पाचव्या पातळीचं मूल तिसऱ्या वर्षाच्या आतच. हे आकडे सरासरीचे आहेत, कुणा एका मुलाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. पण त्यांचा अर्थ टाळण्यासारखाही नाही. दोन-तीन वर्षांच्या वयात अनुभवी तज्ज्ञ बराच अंदाज बांधू शकतो. तो अंदाज आईवडिलांना समजेल अशा शब्दांत सांगितला गेला नाही, तर पहिल्या पातळीच्या मुलाचे आईवडील विनाकारण धास्तावून जगतात आणि पाचव्या पातळीच्या मुलाचे आईवडील न येणाऱ्या दिवसाची वाट पाहत थकतात.

या वाट पाहण्याची किंमत मूलही देतं. सकाळी ताण देण्याचे व्यायाम, मग रिक्षाने थेरपी सेंटर, दुपारी स्प्लिंट बांधून उभं करणं, संध्याकाळी मालीश. चेंडू हातात येतो तोही मनगट वळवण्यासाठी. आपलं शरीर म्हणजे सतत दुरुस्तीला काढलेली वस्तू आहे, हा धडा मूल बोलायला लागण्याआधीच शिकतं. भावंडाला वेगळा धडा मिळतो : आपण काही मागायचं नाही, कारण घरात आधीच पुरेसा त्रास आहे. आणि आशा जितकी एकाच गोष्टीवर खिळलेली, तितका तिचा बाजार मांडणं सोपं. मूळपेशींची इंजेक्शनं देऊन मूल चालतं करू, असं सांगणाऱ्यांना लाखो रुपये देणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही विकारांसाठीचं प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा असा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करायला मनाई केली आहे. घर विकून किंवा दागिने गहाण टाकून उभा केलेला तो पैसा मुलाच्या मापाच्या खुर्चीला, शाळेच्या वाहतुकीला, एखाद्या मदतनीस बाईच्या पगाराला वर्षानुवर्षं पुरला असता.

मग करायचं काय? जेवणाचंच उदाहरण घ्या. पुष्कळ घरांत अशा मुलाला मांडीवर आडवं घेऊन वरणभात भरवतात. आखडलेल्या स्नायूंमुळे मान मागे जाते, जीभ घास बाहेर ढकलते. मान मागे गेलेली असताना घास श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. ठसका लागतो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, एका जेवणाला तास लागतो आणि वजन तरीही वाढत नाही. तेच मूल ताठ पाठीच्या खुर्चीत बसवलं, कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, तळपाय फळीवर, मांड्या आत ओढल्या जाऊ नयेत म्हणून मधे ठोकळा, समोर ट्रे, हनुवटी जराशी खाली आणि आई समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. आता त्याला चमचा येताना दिसतो, ते स्वतः तोंड उघडतं. मुख्य म्हणजे नको असेल तर तोंड मिटून घेतं. आपलं मत मांडायची ती त्याची पहिली संधी. हात मोकळे असल्याने पुढच्या घासासाठी ते वाटीकडे हात नेऊ शकतं. ही खुर्ची गावातला सुतारही करू शकतो, मापं फक्त थेरपिस्टकडून घ्यावी लागतात. ही प्रगती चालण्याच्या रकान्यात कुठेच नोंदली जात नाही, आणि तरी त्या घराचा दिवस तिने बदलतो.

हालचालीचंही तसंच आहे. मानसशास्त्रज्ञ जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की बाळ स्वतः सरकू-रांगू लागलं की त्याची अंतराची जाण, भीती, लपवलेली वस्तू शोधणं, मोठ्यांच्या नजरेचा अर्थ लावणं हे सगळं बदलतं. स्वतः हलणं हा मनाच्या वाढीचा खुराक आहे. तो मिळण्यासाठी पायच लागतात असं नाही. १४ ते ३० महिन्यांच्या तीव्र शारीरिक अडचणी असलेल्या मुलांना विजेवर चालणारी चाकाची खुर्ची देऊन अमेरिकेत केलेली एक छोटी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. खुर्ची मिळालेल्या मुलांची बोललेलं समजण्याची क्षमता अधिक वाढली आणि त्यांना लागणारी मोठ्यांची मदत कमी झाली. आपल्याकडे विजेची खुर्ची महाग, हे खरं. पण आपल्या घरांत बरंचसं जगणं जमिनीवरच चालतं, ही मोठी सोय आहे. गादी लावलेल्या फळीला चार चाकं बसवली, की पालथं पडलेलं मूल हातांनी रेटा देत स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतं. तिथे काय शिजतंय हे बघायला ते स्वतःहून गेलं, हे महत्त्वाचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो गंभीर आहे. लहानपणी मेंदू लवचीक असतो, तेव्हा सर्वस्व पणाला लावायला नको का? खुर्ची लवकर दिली तर मूल आळशी होईल, चालणं सोडून देईल. पहिला मुद्दा मला मान्यच आहे : सुरुवात लवकरच व्हायला हवी. प्रश्न मेहनत कशावर घ्यायची याचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांच्या पुराव्यांचा मोठा आढावा घेतला. मुलाने स्वतः करायची, रोजच्या जगण्यातली ठरावीक कृती समोर ठेवून केलेला सराव आणि कुटुंबाला झेपेल असा घरचा कार्यक्रम, यांच्या बाजूने भक्कम पुरावा निघाला. दुसऱ्याने हातपाय धरून हलवण्यावर आणि ताणण्यावर उभ्या असलेल्या पद्धतींच्या बाजूने तसा निघाला नाही. म्हणजे पेला धरणं, सदऱ्यात हात घालणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं यांचा सराव हाच मेंदूच्या लवचीकपणाचा खरा उपयोग. आणि लवकर चाकं दिल्यामुळे चालू शकणारं मूल चालायचं थांबतं, ही भीती पुराव्याने खरी ठरलेली नाही. ज्यांना चालता येणार आहे, त्यांनी जरूर चालावं. वर्गात चालत जाऊन दमलेलं मूल मैदानावर खुर्चीतून गेलं, तर त्यात हार कसली?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि मला तो सगळ्यात सबळ वाटतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शाळेला पायऱ्या, एसटीची पायरी गुडघ्याएवढी, पदपथ खोदलेले. अशा मुलखात खुर्ची घेऊन जायचं कुठे? इथे चालता येण्यावाचून गत्यंतर नाही, असं पालक म्हणतात तेव्हा ते वास्तवच सांगत असतात. पण या वास्तवाचा अर्थ काय होतो तेही पाहू. जे काम गवंड्याचं, अभियंत्याचं आणि पालिकेचं, ते आपण तीन वर्षांच्या मुलाच्या पायांवर सोपवलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करा, असं तो सांगतो. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असा आदेश केंद्राला दिला. कायदा पालकांच्या बाजूने आहे, दबाव मात्र कमी आहे. प्रत्येक कुटुंब आपापल्या मुलाला जिन्याच्या लायक बनवण्यात गुंतलेलं राहिलं, तर उतार मागायला कुणी उरत नाही. शिवाय हे गणित फार काळ टिकतही नाही. तीन वर्षांचं बारा-तेरा किलोचं मूल कडेवर बसतं, दहाव्या वर्षी ते पंचवीस किलोच्या पुढे जातं. आईची पाठ काही दर वर्षी मजबूत होत नाही.

आईची गोष्ट आली की आपल्याकडे तिच्या त्यागाचं कौतुक सुरू होतं, आणि तिसरा आक्षेपही तिथूनच येतो : आई आहे ना, ती सगळं निभावून नेते, तिच्या आशेला हात कशाला लावायचा? कौतुकात खोट नाही. पण ज्या कामाला आपण त्याग म्हणतो त्याला सुट्टी, पाळी, बदली माणूस असं काहीच मागता येत नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या आईला हाडांचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या उपचारांसाठी बालसंगोपन रजा नाकारली गेली. एप्रिल २०२४ मध्ये त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही सवलत नाही, तो संविधानाला अभिप्रेत असलेला हक्क आहे. शेतमजूर किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईला अशी रजा मागायलाही जागा नाही. म्हणून बाबांनी घरातली अर्धी कामं हातात घेणं, आजीआजोबांनी खुर्चीत बसवायची पद्धत शिकून घेणं आणि सरकारने दिवसभराची संगोपन केंद्रं तालुक्यापर्यंत नेणं, यांना मी उपकार म्हणत नाही. ती उपचाराचाच भाग आहेत. आशेबद्दल म्हणाल, तर ती काढून घ्यावी असं मी म्हणतच नाही. एकाच खुंटीवर टांगलेली आशा त्या खुंटीबरोबर खाली येते, म्हणून तिला अनेक आधार हवेत, एवढंच.

असे आधार मिळाले तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या मुलांसाठी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली. ती मुलगी, मालिनी चिब, झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली, लंडनला जाऊन पुढे शिकली आणि एका बोटाने टंकलेखन करत तिने ‘वन लिटिल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्या घराकडे शिक्षण, पैसा आणि ओळखी होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ते उदाहरण प्रत्येक आईपुढे आदर्श म्हणून धरणं अन्यायाचं होईल. ते धरायला हवं ते राज्यकर्त्यांपुढे : एका कुटुंबाने स्वतःच्या बळावर जे उभं केलं, ते सार्वजनिक व्यवस्थेने गडचिरोलीतल्या आणि सिंधुदुर्गातल्या मुलासाठी उभं करायला हवं. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर निदान व उपचार केंद्रांची तरतूद आहे. तिथे फिजिओथेरपिस्टच्या जोडीला वाचा-गिळण्याचा तज्ज्ञ, खुर्चीचं माप घेणारा माणूस आणि पालकांशी निवांत बोलणारं कुणीतरी असलं पाहिजे. शिबिरात सरसकट एकाच मापाच्या खुर्च्या वाटून फोटो काढण्याने मुलाचा कणा वाकतो.

बदल पहिल्या भेटीपासूनच सुरू करता येईल. डॉक्टरांनी निदान सांगताना मुलाची पातळी सांगावी आणि पुढच्या सहा महिन्यांत ते काय खाईल, काय खेळेल, आपल्याला हवं ते कसं कळवेल, याबद्दल आईबाबांशी बोलावं. थेरपिस्टने आठवड्याच्या तासांवर मर्यादा घालून सुट्टीचा दिवस पाळायला सांगावं. अंगणवाडीने मुलाला नाव नोंदवण्यापुरतं न ठेवता गोलात बसवावं. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात आलेली घरी शिकण्याची मुभा तीव्र आणि बहुविकलांग मुलांच्या सोयीसाठी आहे. ती शाळांनी दार लावून घेण्यासाठी वापरू नये. आणि आपण, म्हणजे नातेवाईक, शेजारी, एकाच बसने जाणारे लोक, आपला प्रश्न बदलू शकतो. या मुलाला काय आवडतं, आमच्या मुलांबरोबर खेळायला कधी आणाल, मी तासभर बसू का त्याच्याजवळ, असं विचारता येतं. अशा प्रश्नांनी मूल चालायला लागेल असं नाही, पण त्याचं बालपण आजपासून सुरू होईल. त्यावर त्याचा हक्क जन्मापासूनच आहे, आणि तो चालण्याच्या अटीवर दिलेला नाही.