पायऱ्या आणल्या, पण शिकवणार कोण?

पॉमेरेनियनच्या वाढदिवसाला तुम्ही केक आणता, थंडीत त्याला स्वेटर घालता. आणि तोच अडीच-तीन किलोचा जीव सोफ्यावरून गुळगुळीत फरशीवर झेप घेतो, तेव्हा "बघा, कसा उडतो!" म्हणत मोबाइल काढता. तो मोबाइल आधी खाली ठेवा आणि नीट ऐका.

वर चढताना जोर लागतो मागच्या पायांचा. खाली उतरताना सगळा धक्का येतो पुढच्या पायांवर. पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर यांच्या पुढच्या पायांची हाडं फार बारीक असतात. मनगटाच्या जरा वर तर त्यांच्याभोवती मांस जवळजवळ नसतंच, आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. सोफ्यावरून किंवा कडेवरून मारलेली एक उडी तिथलं हाड मोडायला पुरते. मोडलेलं हाड नुसत्या प्लास्टरने जुळेल याची खात्री नसते. बहुतेकदा शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागते. "आमचा रोज मारतो, काही होत नाही," हे उत्तर मला नको. काल निभावलं म्हणून उद्या निभावेल, असं हाडांनी तुम्हाला लिहून दिलेलं नाही.

डॅशहुंडचं दुखणं निराळं. त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या जन्मजात कारणांमुळे लहान वयातच कोरड्या आणि कडक व्हायला लागतात. दोष उडीचा एकटीचा नाही, हे मी मान्य करते. पण अशा पाठीला आणखी हिसके कशाला द्यायचे? आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: कुठल्याही कुत्र्याचे मागचे पाय अचानक लटपटले किंवा ओढत चालू लागले, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

आता म्हाताऱ्या जनावरांचं. यावर माझा खरा राग आहे. पलंगावर रोज येणारं मांजर आता खालीच बसतं, आणि तुम्ही सांगता, "वय झालं, आळशी झालंय." अमेरिकेत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांच्या एक्स-रे तपासणीचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 90 मांजरांमध्ये सांध्यांची किंवा मणक्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते उडी मारायचं थांबवतं, पाठ चाटायचं सोडून देतं, खिडकीत बसणं बंद करतं. त्याच्याजवळ सांगायचं साधन एवढंच, आणि ते तुम्ही आळस म्हणून खोडून टाकता. वर कोणी घरातली पॅरासिटामॉल देतं. मांजराला ती गोळी जीवघेणी ठरते. दुखण्यावरचं औषध डॉक्टरच देतील. तुमचं काम त्याचा चढउतार सोपा करण्याचं आहे.

"पायऱ्या आणल्यात की!" हो, पाहिल्या. फोमच्या, हलक्या, पाय ठेवताच मागे सरकणाऱ्या. एकेक पायरी एवढी अरुंद की कुत्र्याचे चारही पाय मावत नाहीत. आणल्या त्या दिवशी त्याला पट्ट्याला धरून वर ओढलंत, तो घाबरला, आता बाजूने उडी मारतो आणि पायऱ्यांवर तुमचे कपडे पडलेत. वस्तू विकत घेतली की जबाबदारी संपली, ही सवय मोडा.

पायरीची उंची लहान कुत्र्यासाठी 10 ते 15 सेंटिमीटर पुरे. 45 सेंटिमीटरच्या सोफ्याला तीन पायऱ्या लागतात. रुंदी ऐसपैस, पृष्ठभाग खरखरीत, तळाशी रबर, एक बाजू भिंतीला टेकलेली. ज्याची पाठ किंवा खुबा दुखतो त्याला पायऱ्यांपेक्षा उताराची फळी बरी, पण ती सव्वा मीटरहून आखूड नको, नाहीतर घसरगुंडी होते. पैशाची सबब सांगू नका. सुताराकडून प्लायवूडचं साधं खोकं करून घ्या, वर जुना गालिचा घट्ट चिकटवा. तेही जमत नसेल तर गादी जमिनीवर घाला.

मग शिकवा. पहिल्या पायरीवर खाऊ ठेवा, तो स्वतः पाय ठेवेपर्यंत गप्प बसा. एक पायरी पक्की झाल्यावर दुसरी. उतरणं वेगळं शिकवावं लागतं, कारण खाली बघताना त्याला भीती जास्त वाटते. म्हाताऱ्याला दिसत कमी असेल तर पायऱ्यांची जागा कधीही बदलू नका, रात्री जवळ मंद दिवा ठेवा. नखं वेळेवर कापा, पंजांमधले केस छाटा, म्हणजे घसरणं थांबेल. उडी मारायची मोकळी बाजू उश्या लावून अडवा. पायऱ्यांचा वापर करणारं जनावर एके दिवशी त्याही चढेना झालं तर चिडू नका, तपासून घ्या.

"आम्ही उचलून ठेवतो," असं म्हणणाऱ्यांनो, ऑफिसात असता तेव्हा कोण उचलतं? मध्यरात्री पाणी प्यायला तो उतरतो तेव्हा तुम्ही जागे असता का? आणि उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली हवा. बगलेत धरून लोंबकळत ठेवणं आजपासून बंद.

या रविवारी मोजपट्टी घ्या, पलंग आणि सोफा मोजा, आणि सुताराला बोलवा.