त्यागाचा अधिकार : शहाद्याच्या चळवळीविषयी

लोकचळवळीचे मोजमाप बहुधा तिच्या फलश्रुतीवरून केले जाते. मजुरी वाढली काय, जमीन परत मिळाली काय, कायदा झाला काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे यश किंवा अपयश ठरवले जाते. हे मोजमाप आवश्यक असले तरी ते अपुरे आहे, कारण त्याच्या आधी एक जुना आणि अवघड धर्मप्रश्न उभा असतो. रूढ व्यवस्था मोडण्याची हाक इतरांना देण्याचा अधिकार एखाद्या माणसाला किंवा समूहाला कोठून प्राप्त होतो, आणि जो अधिकार अन्यायाविरुद्ध वापरला जातो त्याच अधिकारावर अंकुश कोणी ठेवायचा? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९७० च्या दशकातील शहाद्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

शहादा तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला तापी यांच्या मधल्या, गोमाई नदीच्या पाण्याने भिजणाऱ्या काळ्या जमिनीवर कापूस आणि ऊस उभा राहत असे. ज्या भिल्लांच्या पूर्वजांनी या जमिनी कसल्या होत्या, त्यांतील पुष्कळ जण गहाणखते, कर्ज आणि फसवणूक यांच्या मार्गाने भूमिहीन झाले होते आणि जमीन मुख्यतः गुजर व इतर सधन शेतकऱ्यांकडे गेली होती. भूमिहीन झालेला भिल्ल त्याच शेतावर सालदार म्हणून राबत असे. सालदार म्हणजे वर्षाच्या ठरीव मोबदल्यावर बांधलेला गडी. पावसाळ्यात पोटापुरते धान्य त्याला खावटी म्हणून आगाऊ मिळे, ते मोबदल्यातून वळते होई आणि वर्ष संपताना तो बहुधा पुढच्या वर्षासाठी बांधला गेलेला असे. या बंधनाला कायद्याचे नाव नव्हते, पण ते कायद्याहून पक्के होते.

या भूमीत संघटनेची पहिली मोठी लाट राजकारणातून आली नव्हती, ती आरतीतून आली होती. १९३० च्या दशकात तळोदा परिसरातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी भिल्लांना दारू सोडण्याची, स्वच्छ राहण्याची आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान देण्याची शिकवण दिली. त्यांच्या आरतीला हजारो लोक जमू लागले, आणि महाराजांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हा पंथ पुढे चालवला. इतके लोक एकत्र येऊन एकमेकांना आदराने संबोधतात, ही घटना वरकरणी निव्वळ धार्मिक दिसली तरी तिचा सामाजिक अर्थ खोल होता, कारण ज्याला गावात कोणी ‘अहो’ म्हणत नव्हते त्याने स्वतःच्या समाजात तो मान निर्माण केला. त्याची किंमतही मोठी होती. मोहाची दारू भिल्लांच्या देवकार्यात आणि पितरांच्या नैवेद्यात असे. ती अशुद्ध ठरताच पूर्वजांचा धर्मही अंशतः अशुद्ध ठरला. आत्मसन्मान मिळवताना आपल्याच परंपरेची लाज पत्करावी लागणे ही अडचण तेव्हापासून या भागातील प्रत्येक सुधारणेच्या पाठीशी राहिली आहे.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यावरून झालेल्या संघर्षात जमीनमालकांच्या बाजूने गोळीबार होऊन एक आदिवासी मृत्युमुखी पडला. या घटनेनंतर दोन प्रवाह शहाद्यात एकत्र आले. एक सर्वोदयाचा होता. सर्वोदय म्हणजे सर्वांचा उदय साधणारी, मालकाच्या हृदयपरिवर्तनावर विश्वास ठेवणारी गांधी-विनोबांची विचारधारा. दुसरा प्रवाह कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर यांच्यासारख्या, शिक्षण आणि शहरी आयुष्य बाजूला ठेवून आलेल्या तरुणांचा होता. या दोहोंच्या मध्यभागी अंबरसिंग सुरतवंती होते. ते स्वतः भिल्ल होते आणि लोक त्यांना महाराज म्हणत. ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीस, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पाठोपाठ दुष्काळ आला. दुष्काळी कामांची मागणी, सालदारांचा मोबदला आणि हातातून गेलेल्या जमिनी हे संघटनेचे लढ्याचे विषय झाले.

या लढ्याचे सर्वांत मोठे श्रेय मागण्यांच्या यादीत शोधू नये. सालदार आपल्या स्थितीला नशीब म्हणत होता, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्या म्हणण्याला सोयीस्कर आधार पुरवत होता. चळवळीने त्याच्यापुढे सातबाऱ्याचा उतारा ठेवला, म्हणजे जमिनीचा मालक कोण आणि कसणारा कोण हे नोंदवणारा सरकारी कागद, आणि त्या कागदावर आजोबांचे नाव कोणत्या साली खोडले गेले हे वाचून दाखवले. दुःखाला कारण असते, ते कारण माणसाने घडवलेले असते आणि म्हणून माणसाला ते बदलता येते, हे ज्ञान प्रवचनाने होत नाही. तलाठ्याच्या दारात शंभर जण एकत्र उभे राहिले म्हणजे ते होते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ मध्ये केला आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, परंतु मागणारा संघटित नसेल तर असे कायदे दप्तरातच पडून राहतात. या अर्थाने चळवळ ही लोकशाहीची शत्रू नसून तिची दैनंदिन गरज आहे, आणि ‘शांतता भंग होते’ हा तिच्यावरील नेहमीचा आक्षेप, जी शांतता सालदाराच्या मौनावर उभी होती तिच्याविषयी काहीच सांगत नाही.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती समजण्यास याच भागातील आणखी एक घटना उपयोगी पडते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या प्रवचनांच्या केंद्रस्थानी असलेला फलत्यागाचा विचार, म्हणजे कर्म करावे पण त्याच्या फळावर हक्क सांगू नये हा विचार, महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांचा नैतिक आधार झाला. शहाद्यात आलेल्या मार्क्सवादी तरुणांनी तो गीतेच्या नावाने स्वीकारला नसेल, पण त्यांचे जगणे त्याच साच्यातील होते. येथे दोन माणसांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. सालदाराला फलत्याग शिकवणे हा क्रूरपणा ठरेल, कारण त्याच्या कर्माचे फळ आधीच दुसऱ्याच्या खळ्यात गेलेले असते आणि ते मागणे हाच त्याचा धर्म आहे. कार्यकर्ता मात्र फळ सोडू शकतो, कारण सोडण्यासारखे त्याच्याजवळ काहीतरी असते.

ज्याने सोडले त्याचा शब्द सभेत वजनदार ठरतो. भारतीय समाजात त्यागाला जो अधिकार मिळतो तो विद्वत्तेला किंवा संपत्तीलाही मिळत नाही. संन्याशाचा, फकिराचा, उपोषण करणाऱ्याचा शब्द सहसा खोडला जात नाही. ज्याला स्वतःसाठी काहीच नको आहे त्याला जाब कसा विचारायचा? चळवळीला लाभणारे नैतिक बळ आणि तिला जडणारा मोठा दोष हे दोन्ही याच एका मुळापासून निघतात, असे शहाद्याच्या अनुभवावरून म्हणणे भाग पडते. पुढाऱ्याची निःस्वार्थता लोकांना उभे करते आणि उभ्या राहिलेल्या लोकांना पुढाऱ्याशी असहमत होणे अवघड करते. जर्मनीतील समाजवादी पक्षाचा अभ्यास करून रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, समतेसाठी स्थापन झालेली संघटनाही अखेरीस मूठभरांच्या हाती जाते. त्यांनी याची कारणे संघटनेच्या यंत्रणेत आणि नेत्यांच्या कौशल्यात शोधली. तसेच अनुयायांच्या कृतज्ञतेतही शोधली, आणि भारतात त्या कृतज्ञतेला भक्तीचे रूप येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्गही सोडून द्यावेत, हे त्याच भाषणातील त्यांचे म्हणणे मात्र शहाद्याच्या संदर्भात जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण भूमिहीन निरक्षर माणसाला ते मार्ग कागदावर खुले होते आणि व्यवहारात बंद होते.

अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये गेले. ते बाहेरून आलेले नव्हते, त्यांचा शब्द भिल्लांना आपलाच वाटत असे, आणि तरीही त्यांच्या नावापुढे ‘महाराज’ लागले होते. त्यांच्यानंतर चळवळीची वैचारिक भाषा अधिकाधिक शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती जाणे जवळपास अटळ होते. वाहरू सोनवणे हे त्याच चळवळीतून घडलेले भिल्ल कवी. त्यांच्या ‘स्टेज’ या गाजलेल्या कवितेचा विषय हाच आहे : व्यासपीठ कोणाचे आणि त्यावरून सांगितले जाणारे दुःख कोणाचे. ही तक्रार शत्रूची नव्हती. ज्याच्यासाठी चळवळ उभी राहिली त्याचीच ती होती, म्हणून ती गंभीर होती. सोनवणे पुढे आदिवासी एकता परिषदेच्या कामात राहिले, तर शिराळकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत शेतमजुरांसाठी झटत राहिले. या दोन वाटांपैकी एकीला बरोबर आणि दुसरीला चूक ठरवण्याचे कारण नाही, परंतु त्या वेगळ्या झाल्या यातच त्या कवितेच्या प्रश्नाला तोवर उत्तर मिळाले नव्हते हे दिसते.

स्त्रियांच्या दारूबंदी आंदोलनात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९७३ च्या सुमारास शहादा परिसरातील भिल्ल स्त्रिया गटागटाने दारूची मडकी फोडू लागल्या आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला सर्वांसमक्ष जाब विचारू लागल्या. येथे व्यासपीठ नव्हते आणि दुभाष्याची गरज नव्हती. मार खाणारी आणि जाब विचारणारी एकच होती. चळवळीतील हा सर्वांत अस्सल भाग मानावा लागेल. तरीही समूहाने घरात शिरून एकट्या माणसाला जाब विचारण्यातील जोखीम नाकारता येत नाही, कारण हाच समूह उद्या एखाद्या विधवेला डाकीण ठरवू शकतो, आणि डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ होणे ही सातपुड्यातील काल्पनिक भीती नाही. समूहाची शक्ती स्वभावतः न्यायी नसते. आरोपीला बोलू दिले जाते काय, शिक्षा चुकीला धरून असते काय आणि चूक झाल्यास माघार घेता येते काय, यांवर तिचा न्याय अवलंबून राहतो.

या तीन कसोट्यांत माघारीची कसोटी सर्वांत दुर्लक्षित आहे. चळवळ सुरू करणारे अनेक असतात, पण ती थांबवण्याचा निर्णय बहुधा एकट्याचा असतो. चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले. त्यामागील अहिंसेचा आग्रह आदरणीय होता, परंतु तुरुंगात गेलेल्या हजारोंना त्याविषयी विचारले गेले नव्हते. तडजोड कोणत्या रकमेवर करावी, खटला मागे घ्यावा काय, उपोषण कधी सोडावे, हे निर्णय ज्याच्या पोटाशी निगडित आहेत त्याने घ्यावेत अशी रीत चळवळींनी स्वतःला लावून घेतली, तर त्यागाच्या अधिकाराला आतूनच मर्यादा पडेल. नर्मदा खोऱ्यातील विस्थापनाविरुद्धच्या लढ्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गावांपुढे हाच पेच होता : पुनर्वसन स्वीकारणारे आणि बुडीत क्षेत्रात ठाण मांडणारे, दोघेही तितकेच पीडित होते आणि चळवळीचा आवाज मात्र एकच असणे अपेक्षित होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कदाव्यांची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, आणि तिच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम झाला. शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येत असल्यामुळे तेथे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याखालीही ग्रामसभेला वेगळे स्थान आहे. हे अधिकार संघर्षातूनच मिळाले; पण ज्या सभेत दाव्याचा नकाशा तपासला जातो, शेजाऱ्याची हद्द मान्य होते किंवा फेटाळली जाते आणि ठरावाखाली अंगठा उठतो, तेथे कार्यकर्त्याने मागच्या रांगेत बसावे आणि विचारले तरच बोलावे, एवढा संयम पाळला जातो की नाही हे आता प्रत्येक गावात तपासून पाहता येते.