आवडीला माप कुठले?

परवा फराळाच्या ताटांभोवती नातवंडांत वाद जुंपला: आयफोन बरा की अँड्रॉइड? कॅमेरा, बॅटरी, किंमत, सारे आकडे निघाले. (वर्षभरात ते शिळे व्हायचेच!) मी म्हणालो, "१९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले 'गीतरामायण' अजून शिळे झाले नाही." नात म्हणाली, "आजोबा, तुम्हांला गाणी आवडतात की तुमचे बालपण?"

मी चपापलो. शेजारच्या रेडिओवर ती गाणी लागली की आई पोळ्या लाटता लाटता थांबे. फडक्यांची चाल आणि तव्यावरचा तो करपट वास मला आजही वेगळे काढता येत नाहीत. मग थोर काय, गाणे की आठवण?

रात्री भांडी लावताना नात त्यातलेच एक गीत गुणगुणत होती. तिने तर ती करपलेली पोळी कधी पाहिलीही नाही.