निर्मनुष्य, पण निर्नायक नव्हे

‘नियम जुने, तंत्रज्ञान नवे’ एवढे म्हटले की जहाजावर माणूस हवाच या नियमांवरचा वाद मिटला, असे अलीकडे समजले जाते. नियम कशासाठी झाला होता, हे विचारायला कोणी थांबत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये फाल्कन-९ अग्निबाणाचा पहिला टप्पा उड्डाणानंतर परत येऊन अटलांटिकमधल्या तरत्या फलाटावर उभा राहिला. फलाटावर माणूस नव्हता, आणि नसणेच योग्य होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा समुद्री कामांत दूरनियंत्रित व स्वयंचलित जहाजे वापरून पाहण्याचा प्रायोगिक कार्यक्रम तटरक्षक दलाच्या कायद्यात घातला. अशा कामांतले धोके समजून घेणे आणि त्यांसाठी कोणते नियम लागतील हे तपासणे हा त्याचा हेतू आहे, आणि तेवढ्यापुरता तो मला मान्य आहे.

माझा आक्षेप तिथून थेट मालवाहू जहाजांकडे घेतल्या जाणाऱ्या पुढच्या उडीला आहे. ‘जहाजावर माणूस नसेल तर माणूस मरणार नाही, शिवाय बहुतेक अपघात माणसाच्याच चुकीने होतात,’ असे स्वयंचलित जहाजांसाठी लॉबिंग करणारे सांगतात. फलाटाच्या बाबतीत पहिले विधान खरे ठरते, कारण ते रिकामेपण काही तासांचे असते. फलाट ओढून नेणाऱ्या टगवर खलाशी असतात, आसपासच्या जहाजांना आधीच इशारा दिलेला असतो. माणसे फक्त चार हात लांब उभी असतात. महिनाभर महासागर ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजाला ही सवलत कशाच्या आधारावर द्यायची?

दुसरे विधान तर अर्धेच आहे. माणसाच्या चुकीने झालेली टक्कर चौकशीच्या अहवालात नोंदली जाते. टेहळणीवरच्या माणसाने वेळीच धोका ओळखल्यामुळे टळलेली टक्कर बहुतेकदा नोंदलीच जात नाही. आणि यंत्र आणल्याने चूक नाहीशी होत नाही. ती जहाजावरून किनाऱ्यावरच्या खोलीत आणि संगणकाच्या आज्ञावलीत जाऊन बसते.

नोकऱ्या जातील म्हणून यंत्रच नको, हे म्हणणे शिडांच्या काळापासून हरत आले आहे. उलट, बाजार आपोआप शहाणपण शिकवील म्हणणाऱ्यांनी टायटॅनिकवर अपुऱ्या पडलेल्या बचावनौका आठवाव्यात.

खरा भेद निर्मनुष्य आणि निर्नायक यांतला आहे. कोकणात मच्छीमार नौकेला तांडेल असतो. जाळे कुठे टाकायचे आणि वादळ दिसताच कधी परतायचे, हे तो ठरवतो, आणि त्याचा जाब किनाऱ्यावर त्यालाच द्यावा लागतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतील पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी करायला सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार प्रत्येक जहाज पात्र कप्तानाच्या हाती असावे असे म्हणतो आणि बुडणाऱ्याला वाचवण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकायला राष्ट्रांना सांगतो. कॅमेरे टेहळणी करतील, कदाचित आपल्याहून चांगली. पण रात्री उलटलेल्या होडीतली माणसे दिसल्यावर मालाला होणारा उशीर पत्करून जहाज वळवायचे कोणी?

जहाज कितीही स्वयंचलित असो, त्याला जबाबदार मानवी कप्तान हवा, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेतील चर्चेत मान्य झाले आहे. पण त्याला दात हवेत: कप्तानाचे नाव, त्याचा परवाना, एका वेळी तो किती जहाजे सांभाळणार याची मर्यादा, आणि मालकाला न विचारता जहाज थांबवण्याचा अधिकार. एवढे असेल, तर कप्तान जहाजाच्या सुकाणूकक्षात उभा आहे की बंदरातल्या खोलीत, यावर मी अडून बसणार नाही. कप्तान ‘जहाजावर’ असण्याची अट खुशाल जावी. ‘कोण’ हा प्रश्न जाता कामा नये.