मागच्या जन्मीचे आईवडील

आम्ही खंडाळ्याचे, कार्ल्याचं लेणं म्हणजे घरचंच. त्यामुळे कोरियाच्या सहलीत ग्योंगजूजवळच्या सोकुरामच्या बौद्ध गुहेत मी जरा ऐटीतच शिरलो. कार्ल्यात डोंगर कोरलाय. इथे ग्रॅनाइट रचून वर माती लोटली आहे. बुद्धापुढे काच, फोटोला बंदी, टूर लीडरची घाई.

गाइडची कथा मात्र डोक्यात बसली. आठव्या शतकातला किम देसोंग. एका गरीब विधवेचा मुलगा होता, मायलेकांनी होतं नव्हतं ते शेत दान केलं, तो मेला आणि मंत्र्याच्या घरी जन्मला. पुढे त्याने बुल्गुक्सा मंदिर या जन्मीच्या आईवडिलांसाठी बांधलं, ही गुहा मागच्या जन्मीच्या.

पण बौद्ध मतात कायमचा आत्मा नाही. मग मागच्या जन्मीच्या आईवडिलांचं हे ऋण कुणाचं? गटातल्या काकू म्हणाल्या, "अहो, तर्पणात आपणही अन्य जन्मीच्या बांधवांना पाणी सोडतोच की!" सोडतो खरं, गुरुजी सांगतात म्हणून. मला वाटतं, ऋण फेडायला कर्जदार तोच असावा लागत नाही. बापाचं कर्ज मुलगा फेडतोच. आणि कथेतली ती पहिली आई तर जिवंतच होती. मंत्र्याने तिलाही घरी आणून सांभाळलं. मला गुहेपेक्षा हे मोठं वाटलं. काकूंना अजून पटलेलं नाही.